परवानगी मिळणारच आहे, भांडायचं ते अटींवरून

प्रश्न थोडक्यात असा होता. तालुक्याचं गाव, मुख्य चौकाला लागून सोसायटी, खाली गणपतीत आणि नवरात्रात मंडप. आरतीचा नाही त्रास, देखाव्याचा नाही, पण रात्री अकरानंतर मंडपामागच्या बोळात पोरं बसतात, दारू, शिव्या, सोसायटीच्या भिंतीला लघवी, क्लासवरून उशिरा येणाऱ्या मुलींना टोमणे, आणि शेवटचे दोन दिवस डीजे. नगरपरिषदेत गेलं की म्हणतात पोलिसांकडे जा, पोलीस म्हणतात परवानगी नगरपरिषदेची. आणि तोंड उघडलं की "तुम्हाला आपले सण नकोत का?" हे ऐकायचं. तर मंडपाला परवानगीच देऊ नये असा ठराव सोसायटीने करावा का, असं सेक्रेटरी ताईंनी विचारलंय.

मी पोलीस खात्यातून रिटायर झालोय, नोकरीतला बराच काळ पश्चिम महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या ठाण्यांत गेला, त्यामुळे बंदोबस्त, शांतता समिती, परवानग्या, मंडळांचे अध्यक्ष, हेच आयुष्य होतं म्हणा ना. तेव्हा जरा लांबलचक लिहितो, चालवून घ्या.

ताई, असा ठराव करू नका. एक तर तो मान्य होणार नाही, आणि समजा झालाच तरी नुकसान तुमचंच आहे. परवानगी नसली तरी मंडप उभा राहतोच, मूर्ती आत बसल्यावर कुठलाही मुख्याधिकारी तिथे जेसीबी पाठवत नाही आणि पाठवावा असं मलाही वाटत नाही. मग होतं काय, की परवानगी नाही म्हणून अटी नाहीत, अटी नाहीत म्हणून कुणाची जबाबदारी नाही, आणि तुमची सोसायटी मात्र गावात कायमची "गणपतीला विरोध करणारी" म्हणून ओळखली जाते. शिवाय त्या बोळातल्या पोरांना "चल रे, ऊठ, घरी जा" असं म्हणू शकणारी माणसं गावात फार थोडी असतात आणि त्यातली निम्मी त्याच मंडळात असतात, त्यांनाच तुम्ही समोरच्या बाजूला ढकलून बसता.

आता हे टोलवाटोलवीचं का होतं ते बघा. जागेची परवानगी नगरपरिषदेची, स्पीकरची पोलिसांची, वर्गणी गोळा करायला धर्मादाय कार्यालयाचा ४१ क कलमाखालचा परवानगीचा कागद, तात्पुरतं वीज कनेक्शन महावितरणचं, रस्ता अडत असेल तर वाहतुकीची एनओसी. आता बऱ्याच ठिकाणी एक खिडकी केलीय म्हणजे सगळे एका टेबलावर बसतात, पण कागद वेगवेगळेच. नगरपरिषदेच्या कागदात काय असतं, मंडपाची लांबी-रुंदी, रस्त्याचा किती भाग मोकळा सोडायचा, खड्डे बुजवायचे. पोलिसांच्या कागदात स्पीकरची वेळ, डेसिबल, आक्षेपार्ह देखावा करायचा नाही. तुमचा बोळ, तिथली दारू, ती भिंत, रात्री अकरा ते दोन ही वेळ, हे ह्यातल्या एकाही कागदात नसतं. म्हणून कुणीच जबाबदार नाही. तुमचं सगळं काम एवढंच आहे की तो बोळ आणि ती वेळ परवानगीच्या कागदावर आणायची, आणि त्याच्यापुढे एका माणसाचं नाव लिहून घ्यायचं.

लोकांना वाटतं गणपतीत पोलिसांचं डोकं विसर्जनाच्या दिवशी खातं. खातं, पण त्या दिवशी फोर्स असतो, एसआरपी असते, होमगार्ड असतात, डीवायएसपी स्वतः चौकात उभे असतात. खरी टवाळकी होते ती मधल्या रात्रींना, साधारण पाचव्या दिवसापासून नवव्यापर्यंत. तालुक्याच्या ठाण्याला त्या रात्री एक नाइट ऑफिसर, एक जीप, ठाणे अंमलदार, गार्डवरचे दोघे, बाकी सगळे दिवसभर बंदोबस्त करून घरी आडवे झालेले. आणि मंडपात काय असतं? साडेदहाला शेवटची गर्दी ओसरते, अध्यक्ष-खजिनदार ही बाल-बच्चेवाली माणसं, ती घरी जातात, मूर्तीजवळ राखणीला म्हणून चार-पाच पोरं उरतात, वीस-बावीस वर्षांची. कॅरम असतो, फोनवर गाणी असतात, कोल्ड्रिंकच्या बाटलीत पांढरं काहीतरी असतं. ही पोरं सहसा वाईट नसतात, ह्यांची नावं मंडळाला माहीत असतात, देवासमोर बसून पित नाहीत, मागे जातात. म्हणून तर तुमचा बोळ. आणि मग त्यांचे दोस्त येतात बाहेरच्या गल्लीतून गाड्या घेऊन, त्यांचा मंडळाशी काही संबंध नसतो, छेडछाड आणि शिवीगाळ बहुतेक वेळा ह्या दुसऱ्या टोळीची. अध्यक्षाला विचारलं तर तो शपथेवर सांगतो "साहेब आमची पोरं नाहीत", आणि तो खोटं बोलत नसतो.

म्हणून अध्यक्षाला नोटीस पाठवून फार काही होत नाही. सणाआधी ठाण्यातून गठ्ठ्याने नोटिसा निघतात, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४९ ची म्हणायचे, आता नवीन नागरिक सुरक्षा संहितेत ती १६८ झालीय, सगळ्यांना एकच मजकूर, फक्त मंडळाचं नाव बदललेलं. अध्यक्ष सही करतो आणि फाइलला लावतो. मला विचाराल तर पन्नास नोटिसांपेक्षा एक ड्युटी चार्ट जास्त कामाचा. म्हणजे काय, तर दहाही रात्रींसाठी, रात्री साडेदहा ते पहाटे सहा, मंडपात थांबणाऱ्या दोन-दोन कार्यकर्त्यांची नावं, मोबाइल नंबर आणि सही, हा कागद परवानगीच्या अर्जासोबत जोडलेला पाहिजे आणि त्याची एक प्रत मंडपात बाहेरच्या बाजूला लावलेली पाहिजे. हे काही माझं डोकं नाही, राखणीला माणसं ठेवा अशी अट बहुतेक ठिकाणी असतेच, फक्त नावं मागितली जात नाहीत. नाव लिहिलं की पोराचं वागणं बदलतं, कारण काही झालं तर सकाळी पहिला फोन त्याच्या बापाला जाणार हे त्याला कळतं.

आणि त्या दोघांत एक जण लग्न झालेला असावा. हसू नका, हा अनुभवाचा नियम आहे.

बाकीच्या अटी जागा बघून ठरतात, सगळ्या गावाला एकच छापील कागद देऊन उपयोग नाही. तुमच्या केसमध्ये मी काय मागितलं असतं ते सांगतो. मंडपाची मागची बाजू पडद्याने बंद करून मागे जी दोन-चार फुटांची फट राहते ना, ती राहू द्यायची नाही, मंडप भिंतीला लावा नाहीतर पुरता पुढे घ्या, अर्धवट फट म्हणजे बार आणि मुतारी दोन्ही. बोळाच्या दोन्ही तोंडांना रात्रभर लाईट, मंडपाच्याच कनेक्शनवरून, रोषणाई बंद झाली तरी हा बल्ब चालू. मंडळं सीसीटीव्ही लावतात ते सगळे मूर्तीकडे आणि दानपेटीकडे तोंड करून, त्यातला एक बाहेर बोळाकडे वळवायचा, पैसा लागत नाही त्याला. गाड्या लावायची जागा आधी ठरवून दोरी बांधायची. आणि शौचालय.

शौचालयाचं जरा सविस्तर बोलतो कारण ह्याच्याकडे कुणी बघत नाही. संध्याकाळी सातपासून शेकडो माणसं चौकात येतात, चार तास उभी राहतात, चहा-सरबत पितात, आणि नगरपरिषदेचं सार्वजनिक शौचालय असतं बाजार समितीजवळ, तेही आठला कुलूप. मग माणूस जाणार कुठे? सोसायटीची भिंत ही त्याची सोय आहे. नगरपरिषदेकडे फिरतं शौचालय असतं, बहुतेक वेळा पाणीपुरवठ्याच्या आवारात धूळ खात उभं असतं, ते दहा दिवस चौकाच्या कोपऱ्यावर लावा असं लेखी मागा, आणि त्याला दिवा आणि पाणी. एका गावात आम्ही हेच केलं, भिंतीवर देवांच्या टाइल्स लावून, बोर्ड लावून, दंड लावून जे झालं नव्हतं ते ह्याने बऱ्यापैकी झालं. आणि बायकांची सोय झाली ते वेगळंच, त्या तर तोपर्यंत तक्रारच करत नव्हत्या, नुसत्या लवकर घरी जात होत्या.

दारूचं बघू. ड्राय डेवर लोकांचा फार विश्वास असतो. जिल्हाधिकाऱ्यांना दारूबंदी कायद्याच्या १४२ खाली दुकानं बंद ठेवायचे अधिकार आहेत, चतुर्थीला, अनंत चतुर्दशीला तसे आदेश बऱ्याच जिल्ह्यांत निघतात, निघावेतही. पण ड्राय डेचा माल आदल्या दिवशी भरला जातो, आणि मधल्या रात्री तर ड्राय नसतातच. माझ्या मते जास्त लक्ष द्यायचं ते चौकाच्या आसपासच्या चायनीजच्या आणि अंडाभुर्जीच्या गाड्यांवर. तिथे ग्लास मिळतो, चखणा मिळतो, बसायला स्टूल मिळतं, दारू आपली आपण आणायची. ती गाडी साडेदहाला बंद झाली की पोरांना बसायला जागा राहत नाही, आणि गाडीवाल्याला नगरपरिषद हलवू शकते, त्यासाठी कुठलाही कोर्टाचा आदेश लागत नाही. गरीब माणसाच्या पोटावर पाय नको म्हणून मी त्यांना दहा दिवस दुसरीकडे जागा द्यायला सांगायचो, शाळेच्या मैदानाच्या बाजूला वगैरे, धंदा बुडत नाही, फक्त चौक मोकळा होतो.

पिऊन दंगा करणाऱ्यावर केस करता येते, दारूबंदीच्या ८५ खाली, महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या ११० नि ११२ खाली, नवीन न्याय संहितेत ३५५ आहे, त्यात २४ तासांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा समाजसेवा. पण खरं सांगू का, रात्री उचललेलं पोरगं सकाळी दंड भरतं आणि संध्याकाळी परत त्याच कट्ट्यावर. जे दोन-तीन जण दरवर्षी तेच ते करतात त्यांच्याकडून सणाच्या आधी तहसीलदारांपुढे चांगल्या वर्तणुकीचा बॉण्ड घ्यायचा, पूर्वीच्या प्रक्रिया संहितेतलं १०७-११०, आता नागरिक सुरक्षा संहितेचं १२६ आणि १२९, हे जास्त लागू पडतं. कारण मग हुल्लडबाजी केली की बॉण्डची रक्कम जाते. पण ह्यासाठी ठाण्याकडे त्यांच्याविरुद्ध आधीची काहीतरी नोंद लागते, आणि नोंद कुठून येणार, तर तुमच्या तक्रारीतून. इथे बहुतेक सोसायट्या कमी पडतात. मनस्ताप दहा दिवस, लेखी नोंद शून्य.

आवाजाचं गणित सांगतो, कारण इथे दोन्ही बाजू अंदाजाने भांडतात. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत. रहिवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, रात्रीची ४५, व्यापारी भागात ६५ आणि ५५. स्पीकर लावला तर त्या जागेच्या हद्दीवर आवाज ह्या मर्यादेपेक्षा १० ने जास्त किंवा ७५, दोन्हीत जे कमी असेल तेवढाच. म्हणजे रहिवासी भागात दिवसा ६५. समोरासमोर बसून बोलणाऱ्या दोन माणसांचा आवाज साठीच्या आसपास असतो, त्यावरून अंदाज घ्या. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर बंद. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस हे १० चं १२ करू शकतं, कुठले दिवस ते जिल्ह्याच्या आदेशात असतं, गणपतीचे काही त्यात येतात. पण मंडळांचा आणि कधीकधी आमच्या लोकांचाही गैरसमज असा की त्या दिवशी सगळंच मोकळं. अहो, सूट वेळेची आहे, आवाजाची नाही, डेसिबल तेच राहतात, आणि दवाखाना-शाळा-कोर्टाच्या शांतता क्षेत्राला तर ती वेळेची सूटही नाही.

हे कागदावर. प्रत्यक्षात पुण्यात सीओईपीचे विद्यार्थी विसर्जनाला लक्ष्मी रोडवर दरवर्षी मोजमाप घेतात, ते नव्वदीच्या वर असतं, कधी शंभरी. दर तीन डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, म्हणजे ६५ आणि ९५ मधला फरक तीसचा नाही, हजारपटीचा आहे. डीजेचा जो बेस असतो त्याने काच हलते, छातीत धडधडतं, म्हाताऱ्या माणसाला खरंच सहन होत नाही, त्यात नाटक नसतं.

डीजे रोखायचा असेल तर मंडळाशी नका भांडू, डीजेवाल्याला गाठा. मंडळाच्या पोरांना केसची भीती वाटत नाही, उलट छातीवर मिरवतात. पण डीजेवाल्याचा सेट लाखो रुपयांचा असतो, कर्जावर असतो, आणि अनंत चतुर्दशीनंतर लगेच नवरात्र आणि मग लग्नसराई, त्याचा सेट जप्त होऊन ठाण्याच्या आवारात पावसात पडला की त्याचा अख्खा सीझन गेला. म्हणून परवानगीच्या वेळी मंडळाच्या हमीपत्रासोबत साऊंडवाल्याचं नाव, गाडी नंबर आणि त्याची स्वतःची सही असलेलं हमीपत्र मागायचं, किती बॉक्स, किती टॉप, कुठला जनरेटर. आम्ही तर सणाआधी गावातल्या नि आसपासच्या सगळ्या साऊंडवाल्यांना ठाण्यात बोलावून चहा पाजायचो. तो चहा फार उपयोगी पडायचा. दंडाचं म्हणाल तर पर्यावरण कायद्यात आधी पाच वर्षांपर्यंत कैद होती, एप्रिल २०२४ पासून कैद गेली आणि १० हजार ते १५ लाख असा दंड आला. काहींना हे सैल झालं असं वाटतं. मला नाही वाटत, पाच वर्षांची कैद झालेला डीजेवाला मी तरी पाहिला नाही, पैशाचा दंड मात्र वसूल करता येतो, केला तर.

ध्वनिमापक ठाण्यात असतो. मोजमाप घेताना तारीख, वेळ, कुठे उभं राहून घेतलं, स्पीकरपासून अंतर, दोन पंच, हे सगळं पंचनाम्यात नसेल तर केस उभी राहत नाही. मोबाइलमधल्या ॲपचं रीडिंग पुरावा म्हणून टिकत नाही, पण तक्रारीसोबत द्या, पोलिसांना यंत्र घेऊन यायला भाग पाडायला ते पुरतं.

आता शांतता समिती. सणाच्या आधी पंधरा-वीस दिवस बैठक होते, ठाण्याच्या आवारात मांडव, पहिल्या ओळीत सोफे, त्यावर माजी नगराध्यक्ष, दोन्ही गटांचे नगरसेवक, मशिदीचे ट्रस्टी, व्यापारी संघाचे अध्यक्ष, पत्रकार. मागे मंडळाची पोरं. प्रत्येक जण उठतो, "आपल्या गावाला मोठी परंपरा आहे" म्हणतो, लाईट जाऊ देऊ नका म्हणतो, खड्डे बुजवा म्हणतो, साहेब समारोप करतात, वडापाव. त्या मांडवात चौकातल्या बिल्डिंगमध्ये राहणारं एकही माणूस नसतं आणि बाई तर क्वचितच. समितीची मूळ कल्पना फार चांगली आहे हो, भिवंडीत १९८८ पासून सुरेश खोपडे साहेबांनी मोहल्ला कमिट्या केल्या होत्या, गल्लीतली साधी माणसं घेऊन, पुढाऱ्यांना बाजूला ठेवून, आणि ९२-९३ ला मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली, हे सगळ्या राज्याने पाहिलंय. ती गल्लीतली माणसं पुढे निघून गेली आणि सोफे उरले.

तर तुम्ही जा. दोन बायका आणि एक रिटायर्ड माणूस असे तिघं जा, आधी पी.आय. साहेबांना भेटून नावं द्या, नाही म्हणणार नाहीत. आणि तिथे भाषण करू नका, तक्रारही करू नका, तीन वाक्यं बोला. अमुक मंडप, त्याच्या मागचा अमुक बोळ, रात्री अकरा ते दोन, मागच्या वर्षी ह्या ह्या तारखांना हे झालं, यंदा तिथे दिवा, शौचालय आणि दोन माणसांची नावं पाहिजेत, मंडळाला आमचा पाठिंबा आहे आणि आरतीचा एक दिवस सोसायटीचा. सगळ्यांसमोर मागितलेली एवढीशी गोष्ट नाकारायला कुणाची जीभ रेटत नाही, आणि ते इतिवृत्तात येतं, हे महत्त्वाचं. आरतीचा दिवस मात्र खरंच घ्या, नुसतं बोलू नका. ज्या मंडपात तुमच्या घरची माणसं येऊन बसतात तिथल्या पोरांना तुमच्या भिंतीशी जायला लाज वाटते, अगदीच नाही तर निदान निम्म्यांना.

नाव बाहेर पडेल ह्या भीतीने लोक तक्रार करत नाहीत, ती भीती खोटी नाही. ह्यावर मुंबई उच्च न्यायालयाचा जानेवारी २०२५ चा निकाल आहे, मुंबईतल्या नेहरूनगरच्या रहिवासी संघटनांची याचिका होती, भोंग्यांबद्दल. त्यात पोलिसांना स्पष्ट सांगितलंय की तक्रारदाराची ओळख पडताळत बसू नका आणि ती समोरच्याला कळू देऊ नका, आणि स्पीकर लावणं हा कुठल्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही. त्याच्या आधी २०१६ मध्ये ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकरांच्या याचिकेवर निकाल आला होता, रस्ते-फुटपाथ अडवून मंडप घालण्याचा कुणाला हक्क नाही, पालिकांनी मंडप तपासायला पथकं नेमावीत वगैरे. हे दोन निकाल तुमच्या अर्जात एका ओळीत लिहा, जास्त वकिली करू नका, नुसता उल्लेख वाचून सीओ साहेब, म्हणजे मुख्याधिकारी, अर्ज बाजूला ठेवत नाहीत.

रात्री पोलिसांचा ११२ नंबर लावला की गाडी येते, गाडी दिसली की आवाज कमी होतो, गाडी वळली की परत सुरू, हा सगळ्यांचा अनुभव. तरी लावा. कारण प्रत्येक कॉलची नोंद होते, वेळेसकट, आणि एका बोळाचे दहा दिवसांत आठ कॉल असले तर पुढच्या वर्षी बंदोबस्ताच्या नकाशात तिथे होमगार्डचा पॉइंट पडतो. मुलींच्या छेडछाडीचं असेल तर वाट बघू नका, सकाळीच ठाण्यात महिला अंमलदाराला किंवा दामिनी-निर्भया पथकाला सांगा, क्लास सुटायच्या वेळेला साध्या कपड्यातल्या दोन पोलीस बायका त्या रस्त्याला दोन दिवस फिरल्या तरी फरक पडतो. आणि एक वही ठेवा, तारीख, वेळ, जागा, काय झालं, कुणाला फोन केला. चाळीस सह्यांच्या निवेदनापेक्षा अशी दहा ओळींची वही अधिकाऱ्याला जास्त जड जाते.

एक कडू गोष्ट सांगतो, राग मानू नका. तक्रार करणारे बरेच लोक निवडून तक्रार करतात. गणपतीचा डीजे चालतो आणि १४ एप्रिलचा खुपतो, किंवा उरुसाचा खुपतो आणि शिवजयंतीचा चालतो. ठाण्यात हे लगेच ओळखू येतं, मंडळांनाही कळतं, आणि मग तुमच्या खऱ्या तक्रारीचीही किंमत जाते. जो कागद गणपतीच्या मंडळाला तोच जयंतीच्या मंडळाला, तेच डेसिबल, तोच ड्युटी चार्ट, असं लेखी मागा. आणि ३१ डिसेंबरला तुमच्या गच्चीवर काय चालतं तेही बघा, कारण मंडळाची पोरं ते बघत असतात. शिवाय ह्याच पोरांनी २०१९ च्या पुरात कोल्हापूर-सांगलीकडे बोटीतून माणसं काढलीत, जेवणं पोचवलीत, त्यांना सरसकट टवाळखोर म्हटलं की ती बिथरतात आणि त्यांचं बरोबर आहे.

नवीन एक अडचण येतेय. मुंबई-पुण्यात मंडळांना एकदम पाच वर्षांची परवानगी द्यायला सुरुवात झालीय, २०२५ मध्ये सरकारने गणेशोत्सव राज्य महोत्सव जाहीर केला, त्यामुळे सगळीकडे प्रक्रिया सोपी करायची घाई आहे. मंडळांची हेलपाट्यांतून सुटका झाली हे चांगलंच. पण दरवर्षीचा अर्ज हीच तर वेळ असते जेव्हा मागच्या वर्षीचं काढता येतं. तुमच्या गावात हे आलं तर एवढीच अट घालून घ्या की परवानगी पाच वर्षांची असली तरी विसर्जनानंतर पंधरा दिवसांत मंडळ, रहिवासी, पोलीस आणि नगरपरिषद ह्यांची एक बैठक होईल आणि अटी मोडल्या असतील तर पुढच्या वर्षाचं परत ठरेल. पंधरा दिवसांतच, कारण नंतर नवरात्र लागतं आणि सगळे विसरतात.

आत्ता लगेच काय करायचं विचाराल तर, मागच्या वर्षी त्या मंडळाला दिलेल्या परवानगीची अटींसकट प्रत माहिती अधिकारात मागा, दहा रुपयांचा स्टॅम्प लागतो, तीस दिवसांत द्यावी लागते. त्यात बोळाचा नि रात्रीच्या वेळेचा उल्लेख नाही हे दिसेलच. मग गणपतीच्या दोन महिने आधी मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने एक पानी अर्ज, प्रत पोलीस निरीक्षकांना आणि तहसीलदारांना, वर सांगितलेल्या अटी नावानिशी, मंडळाच्या अध्यक्षांना आधी दाखवून, जमलं तर त्यांचीही सही घेऊन. टपालाने पाठवू नका, आवक-जावकला स्वतः जाऊन द्या आणि तिन्ही प्रतींवर शिक्का मारून घ्या.